'द हॉबिट'मधला बिल्बो: घरभेदी की घरचा?

पानगळ
एफवायबीएला इंग्रजी घेतलंय. या सत्रात एक कादंबरी निवडायची आणि वाचता वाचता आपल्या प्रतिक्रिया लिहायच्या, असं काम आहे. सारांश नको, आपल्याला काय वाटलं ते हवं. मी टॉल्कीनची 'द हॉबिट' घेतली.

वाचली नसेल त्यांच्यासाठी: बिल्बो बॅगिन्स हा पन्नाशीचा, घरकोंबडा, खाऊनपिऊन सुखी बुटका गृहस्थ. गॅन्डाल्फ हा जादूगार तेरा ड्वार्फ (डोंगराखाली राहणारे दाढीवाले बुटके लोक) त्याच्या दारात आणून उभे करतो. त्यांचा म्होरक्या थोरिन. त्याच्या आजोबांचा डोंगराखालचा खजिना स्मॉग नावाच्या ड्रॅगनने बळकावलाय. तो परत मिळवायच्या मोहिमेत बिल्बोची नेमणूक 'चोर' म्हणून होते.

माझ्या वहीतलं थोडंसं:

प्रकरण 1. राग आला. पाहुणे न सांगता येतात, केक, लोणचं, कोंबडी, कॉफी अशी फर्माईश सुरू, आणि यजमान धावतोय. मनात एकच, ही भांडी आता कोण घासणार? तर ती ड्वार्फांनीच घासली, वर बिल्बोला चिडवणारं गाणं म्हणत. इथून पुस्तक आवडायला लागलं.

प्रकरण 5. अंधाऱ्या गुहेत गॉलम नावाचा विचित्र प्राणी वाट अडवून बसलाय. बिल्बो तिथेच सापडलेल्या जादूच्या अंगठीमुळे अदृश्य, हातात तलवार. एक वार केला असता तर काम झालं असतं. पण त्याला त्या प्राण्याची कीव येते आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निसटतो. हे पान दोनदा वाचलं.

प्रकरण 14. फसवल्यासारखं वाटलं. इतक्या वाटचालीनंतर स्मॉगला मारतो कोण, तर तळ्यातल्या गावचा तिरंदाज बार्ड, जो आत्ता आत्ता पुस्तकात आलाय!

आता मुख्य मुद्दा, प्रकरण 16. स्मॉग मेला, पण मरण्याआधी त्याने तळ्यातलं गाव जाळलं. गावकरी आणि एल्फांचं (जंगलातल्या जादुई लोकांचं) सैन्य डोंगराला वेढा घालून बसलंय. बार्ड बारावा हिस्सा मागतोय, थोरिन दमडी द्यायला तयार नाही. थोरिनचा जीव ज्या आर्केनस्टोन रत्नात अडकलाय ते बिल्बोने आधीच गुपचूप खिशात टाकलेलं असतं. रात्री दोर सोडून तो खाली उतरतो, वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत जातो आणि ते रत्न बार्डच्या हातात ठेवतो, की हे घ्या आणि थोरिनशी सौदा करा.

बिल्बो एकटा बोगद्यातून ड्रॅगनच्या दिशेने पुढे पाऊल टाकतो ते त्याचं सगळ्यात मोठं धाडस, असं लेखक स्वतः सांगतो. मला ते पटत नाही. एल्फांचा राजा त्याला म्हणतो की इथेच राहा, तिकडे तुझी धडगत नाही. बिल्बो म्हणतो, इतकं सोबत काढल्यावर मित्रांना असं सोडून जाणं बरं नव्हे, शिवाय बॉम्बर या ड्वार्फला मध्यरात्री उठवायचं कबूल केलंय. (बॉम्बरचा पहारा त्याने स्वतःकडे घेतलेला असतो.) आणि तो खरोखर परत दोर चढून जातो, बॉम्बरला वेळेवर उठवतो. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात मोठं धाडस हे. तुम्हाला काय वाटतं?

भटकी मांजर
छान लिहिलंयस गं. बॉम्बरला उठवणं मी साफ विसरले होते. तुझ्या वहीत एक नोंद मात्र दिसली नाही. पुस्तकभर एकही बाई वावरत नाही. बिल्बोच्या आईचं, बेलाडोना टूकचं, नाव सुरुवातीला येतं तेवढंच. तुला खटकलं नाही?

पानगळ
@भटकी मांजर, खटकलं ना! नोंद आहे, लांबी वाढेल म्हणून इथे टाकली नाही.

वकीलसाहेब सातारा
पोरी, लिहिलंयस झकास, पण तुझ्या अशिलाची बाजू लंगडी आहे.

करार बघ. बिल्बोला चिठ्ठीने कळवलेलं आहे: काम झाल्यावर रोख, एकूण नफ्याच्या चौदाव्या हिश्श्यापर्यंत, तोही नफा झाला तर. पुढे थोरिन म्हणतो की तुझा चौदावा हिस्सा तू निवडून घे. बिल्बो याच वाक्याचा आधार घेतो. पण त्या वाक्याला शेपूट आहे: वाटायला काही हाती आलं की. म्हणजे आधी वाटणी, मग निवड. सामाईक मालमत्तेत चौदावा हिस्सा तुमचा असला म्हणून वाटपाआधी विहीर आपल्या नावावर करून घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुठल्याही भावकीला विचारा.

दुसरं, बिल्बोला हे ठाऊक होतं. रत्न उचलताना त्याला चुटपूट लागते की निवडून घे म्हणताना या रत्नाचा समावेश नसणार. तरी उचललं आणि तोंड बंद ठेवलं. पुढे थोरिन सगळ्यांसमोर बजावतो की हे रत्न माझं, सापडूनही लपवून ठेवणाऱ्याला सोडणार नाही. तेव्हाही हा गप्पच.

तिसरं, दिलं कोणाला? वेढा घालून बसलेल्याला. किल्ल्याला वेढा पडलेला असताना आतल्या माणसाने रात्री बाहेर जाऊन शत्रूच्या हातात हुकमाचं पान द्यायचं, याला आपल्याकडे एकच नाव आहे: सूर्याजी पिसाळ. मग बॉम्बरला उठवा नाहीतर अख्ख्या गडाला उठवा.

तिखट मिसळ
वकीलसाहेब, पिसाळ कुठून काढलात! रायगडाच्या त्या कथेत वाईच्या देशमुखीचं आमिष आहे. बिल्बोला काय मिळालं? उलट रत्न देताना त्याने आपल्या हिश्श्यावर पाणी सोडलं. लाच न घेणारा फितूर दाखवा, मग बोलू.

जवळचं उदाहरण हवं तर बिभीषण घ्या. आपल्याच बाजूचा राजा हट्टाला पेटलाय, समजावून ऐकत नाही, म्हणून पलीकडे जाणारा. पण बिभीषण रामाच्या छावणीत राहिला आणि पुढे लंकेचं राज्य त्याला मिळालं. बिल्बो परत आला. आणि दुसऱ्या दिवशी थोरिनने 'हे रत्न तुमच्याकडे आलं कसं' असं विचारल्यावर स्वतः किंचाळला, की मी दिलं. थोरिन त्याला तटावरून खाली फेकायला निघाला होता. गॅन्डाल्फ पुढे झाला नसता तर कथा तिथेच संपली असती.

पानगळशी बाडीस.

जुनं खोड
मी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून थोडं कडू बोलतो. राग आला, फसवल्यासारखं वाटलं, हे पान दोनदा वाचलं, ही वाचनाची सुरुवात झाली. आजकाल तिलाच शेवट समजतात आणि गुण देऊन मोकळे होतात.

बार्डचंच घ्या. टॉल्कीन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यावरचं त्यांचं प्रसिद्ध व्याख्यान 1936 चं, 'द हॉबिट' आली 1937 मध्ये. त्या काव्यात एक किरकोळ माणूस ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरतो, ड्रॅगन खवळून मुलूख जाळतो आणि त्याच्याशी लढायला उभा राहतो दुसराच. 'द हॉबिट'मध्येही बिल्बो आधी पेलाच चोरतो. तेव्हा चोर वेगळा आणि मारणारा वेगळा ही मांडणी मुरलेली आहे. हे ठाऊक असतं तर 'फसवणूक' हा शब्द वहीत आला नसता.

शिवाय हा लेखक 1916 साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांत होता. युद्धात त्याचे जिवलग मित्र गेले. खजिन्यापायी समोरासमोर आलेली सैन्यं त्याने लिहिली ती या अनुभवानंतर. हे वजा करून 'मला काय वाटलं' एवढंच उरत असेल तर पुस्तक कुठलंही चाललं असतं.

पानगळ
सर, बेवुल्फचं माहीत नव्हतं, वाचीन. पण पुस्तक वाचताना मला ते माहीत नव्हतं हीसुद्धा माझ्या वाचनातली खरी गोष्ट आहे. माझ्यासारख्या बहुतेकांचं असंच होत असणार, आणि पुस्तकाने आम्हालाही सांभाळून घ्यायला हवं.

आणि 'द हॉबिट'च्या बाबतीत तुम्ही हे म्हणावं याचं नवल वाटतं. हे पुस्तक छापलं गेलं तेच एका मुलाच्या प्रतिक्रियेवर! प्रकाशक स्टॅन्ले अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. त्याने अभिप्राय लिहिला, एक शिलिंग घेतला आणि पुस्तक छापायचं ठरलं. त्यात बेवुल्फ नव्हतं.

जुनं खोड
रेनरचा अभिप्राय मीही वाचलाय. त्यात त्याने असंही लिहिलंय की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल. त्या हिशोबाने तुम्हाला उशीरच झाला म्हणायचा! प्रकाशकाला बाजारात खपेल का एवढं हवं होतं, ते त्याला शिलिंगभर मिळालं. त्यावर बीएची पदवी द्यायची का, हा प्रश्न वेगळा.

तिखट मिसळ
सर, शिलिंगभर अभिप्रायाने जे ओळखलं ते बऱ्याच जाड प्रबंधांना ओळखता येत नाही, एवढं बोलून गप्प बसतो.

भटकी मांजर
समीक्षेचं भांडण चालू द्या, मी बिल्बोवर येते. मला तो फितूर वाटत नाही, पण पानगळ म्हणते तेवढा सरळही वाटत नाही. लपवणं त्याच्या अंगात मुरलंय. गॉलमकडून सुटून आल्यावर आपण कसे निसटलो ते ड्वार्फांना रंगवून सांगतो, अंगठीचं नाव काढत नाही. पुढे इलाज उरत नाही तेव्हा सांगतो. रत्नाचंही तसंच.

यातली गंमत म्हणजे 1937 च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम अंगठी राजीखुशीने पैजेवर लावतो आणि हरल्यावर मुकाट बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या मोठ्या कादंबरीत, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, अंगठीला वेगळंच महत्त्व आलं, म्हणून टॉल्कीनने 1951 च्या आवृत्तीत हे प्रकरण बदललं. आणि मग जुनी हकिकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप होती, असं ठरवून टाकलं. लेखकानेच आपल्या नायकाला खोटारडा ठरवलंय, मी कोण वाचवणार!

पानगळ, तू दोनदा वाचलेलं ते कीव येण्याचं पान बदललेल्या प्रकरणातलं आहे बरं का. पहिल्या आवृत्तीच्या वाचकांना ते मिळालंच नाही.

आणि एवढं करून साधलं काय? रत्नाच्या बदल्यात थोरिन चौदावा हिस्सा द्यायला कबूल झाला, पण मनात होतं की चुलतभाऊ डाइन पाचशे ड्वार्फ घेऊन पोचला की रत्न असंच हिसकावून घेऊ. डाइन आला, आणि लढाई जुंपणारच होती. गॉब्लिन हे राक्षसी शत्रू चालून आले म्हणून ड्वार्फ, एल्फ आणि माणसं एक झाली. ते नसते आले तर बिल्बोच्या सगळ्या उपद्व्यापाने लढाई चार दिवस पुढे ढकलली असती, बस.

पानगळ
ताई, ते पान 1951 चं आहे हे वाचून धक्काच बसला. तरी मला ते तितकंच आवडतं.

पण निकालावरून त्याचं माप काढू नका ना. डाइन कधी पोचेल आणि गॉब्लिन येतील की नाही, हे त्याच्या हातात कुठे होतं? त्याच्या हातात एक दगड होता आणि एक रात्र.

आणि शेवट बघा. थोरिन मरतो तेव्हा बार्डच ते रत्न त्याच्या छातीवर ठेवतो आणि ते त्याच्यासोबत पुरलं जातं. डाइन खजिन्याचा चौदावा भाग बार्डला देतो. म्हणजे बिल्बोचा हिस्सा त्याने ज्याच्या हातात ठेवला होता त्यालाच पोचला. स्वतः तो दोन लहान पेट्या घेऊन घरी जातो, एक सोन्याची, एक चांदीची. जाता जाता एल्फांच्या राजाला मोत्यांचा हारही देतो, कारण त्याच्या महालात अदृश्य राहून त्याचं अन्न चोरून खाल्लेलं असतं. असा हिशोब चुकता करणारा चोर मी तरी दुसरा वाचलेला नाही.

तिखट मिसळ
हिशोबावरून आठवलं. स्मॉग तळ्यातल्या गावावरच का गेला, हा मुद्दा अजून कोणीच काढला नाही.

स्मॉगशी बोलताना बिल्बो कोड्यात आपली ओळख सांगतो. भाव खायच्या नादात बोलून जातो की मी पिंपांवर स्वार होऊन आलेला. (एल्फांच्या महालातून ते सगळे पिंपांसोबत नदीतून तळ्यातल्या गावी निसटलेले असतात.) पिंपं म्हटल्यावर स्मॉग ओळखतो, हे तळ्यावरच्या लोकांचं काम. आणि तिकडे जाऊन गाव जाळतो. बाहेर आल्यावर बिल्बो स्वतःच हळहळतो की ते पिंपाचं कुठून बोलून बसलो. घरं गेली, माणसं गेली, उरलेली थंडीवाऱ्यात तळ्याकाठी पडली. यातले बरेच पुढे आजारपणात आणि थंडीने गेले.

म्हणून तो फितूरही नाही आणि शांतिदूतही नाही. तो देणेकरी आहे, आणि बार्डच्या छावणीत बसलेत ते त्याचे धनको. पानगळ, तुझ्या टिपणात हे घाल. बॉम्बरपेक्षा हा मुद्दा वजनदार आहे.

पानगळ
अरे! पिंपाचं वाक्य मी नुसतं हसून सोडून दिलं होतं. घालते. पण बॉम्बर राहणार. देणं फेडून माणूस तिथेच थांबू शकतो. त्याचं परत जाणं देण्याघेण्यात बसत नाही, आणि मला तेच आवडलंय.

वकीलसाहेब सातारा
मिसळराव, युक्तिवाद देखणा आहे, मान्य. पण नुकसानभरपाई स्वतःच्या खिशातून द्यायची असते. भागीदारीतली, दुसऱ्याच्या घराण्यातली वस्तू परस्पर उचलून नव्हे.

तिखट मिसळ
स्वतःच्याच खिशातून दिली की. चौदावा हिस्सा सोडला ना त्याने.

वकीलसाहेब सातारा
तो सोडला खाली, छावणीत, बार्डसमोर. ज्यांच्या मालातून द्यायचं त्या तेरा जणांना कळलं दुसऱ्या दिवशी, तटावर, सगळं उघडं पडल्यावर. आमच्याकडे अशी कबुली शिक्षा ठरवताना विचारात घेतात, गुन्हा ठरवताना नाही.

भटकी मांजर
मग शिक्षा किती, तेही सांगून टाका.

वकीलसाहेब सातारा
ती फिर्यादीने माफ केलीय. थोरिन मरताना त्याला मित्र म्हणून निरोप देतो, तटावर बोललो ते मागे घेतो म्हणतो. तडजोड झाली, प्रकरण निकाली. गुन्हा झालाच नव्हता असं मात्र कुठल्याही पानावर लिहिलेलं नाही.