मदत हवी आहे: वीसेक हजारांत जुना सॅम्पलर, पण लाइन गेली तरी चालला पाहिजे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात राहतो. वऱ्हाडीत रॅप लिहितो, बीट आतापर्यंत मोबाइलवरच करत आलो. आता सॅम्पलर, म्हणजे बाहेरचा आवाज टिपून पॅडवर बोटांनी ठोकता येईल असं यंत्र पाहिजे. नवीन झेपणार नाही. कापसाचे पैसे आले तेव्हा घरी वाद घालून २० हजार बाजूला काढले, त्यात बसवायचंय.

तयार लूप नकोत. भजन मंडळातली खंजिरी, दंडारीची ढोलकी, पोळ्याला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, जिनिंगमधल्या रेच्यांची घरघर, हेच वापरायचंय. डफ शेकोटीवर तापवायच्या आधी थप्प वाजतो अन् तापल्यावर टण्ण. एकाच डफाचे हे दोन आवाज मला दोन पॅडवर पाहिजेत. म्हणजे जिथं आवाज तिथं यंत्र न्यावं लागणार. घरी तर लाइनचा नेम नाही. असली तरी व्होल्टेज असं की पंखा मोजून फिरतो.

तीन पाहून ठेवलेत: रोलँड एसपी-४०४एसएक्स (नागपूर, २३ हजार म्हणतो), आकाई एमपीसी-१००० (मुंबई, पडदा अंधुक म्हणून १९), कॉर्ग वोल्का सॅम्पल, पहिलं मॉडेल (८). एमपीसीचं नाव मोठं, मन तिकडं ओढतंय. काय घेऊ?

ठेकेदार: एमपीसी-१००० मी वापरलंय. यंत्र झकास, पण तुमच्या कामाचं नाही. एक तर त्याला बॅटरी नाही, लाइन लागतेच. दुसरं, आवाज घेतला की तो मेमरीत राहतो, कार्डावर तुम्ही स्वतः सेव्ह करायचा. मधेच वीज गेली की दुपारभर कापलेले तुकडे गेले. पुण्यात हे चालून जातं. तुमच्याकडे रोज रडाल. शिवाय कार्ड लागतं कॉम्पॅक्टफ्लॅश, ते तालुक्याला कोण विकतं?

एसएक्सला सहा पेन्सिल सेल लागतात, साधं एसडी कार्ड लागतं आणि सॅम्पल, म्हणजे टिपलेला आवाज, थेट कार्डावर लिहिला जातो. आत माइकही आहे. फार भारी नाही, पण डफाला पुरेल. बारा पॅड, दहा बँका (म्हणजे पॅडचे दहा संच). आकाईच हवं असेल तर एमपीसी-५०० शोधा. तेही सहा सेलवर चालतं, बारा पॅडचं आहे. मात्र मेमरीची अन् कॉम्पॅक्टफ्लॅशची कटकट तीच, आणि पडदा इतका चिमुकला की तुकडे कापताना डोळे दुखतात.

सरकी: भाऊ, मी अकोल्याचा. वोल्काच्या भानगडीत पडू नको. पहिल्या मॉडेलात आवाज सरळ घेताच येत नाही, दुसरीकडून आत पाठवा लागते. अन् जागा किती, तर सगळे सॅम्पल मिळून ६५ सेकंद. तुह्या खंजिरीवाल्या बुवांचा नुसता आलापच तेवढा राहते! पीओ-३३ नावाचा बारका सॅम्पलर भेटला तर पाय, खिशात मावते, माइक हाय, दोन बारक्या सेलवर चालते. पण त्यातही ४० सेकंदच. मजेसाठी ठीक, गाण्यासाठी जीव घुसमटते.

आधी फोनवर कोआला हे सॅम्पलरचं अ‍ॅप टाकून पायलं का? पैसे फार लागत नाई.

धागाकर्ता: दादा, कोआलावरच तर करतो. पण माझ्या फोनला पॅड दाबलं की आवाज उशिरा येतो, त्यात ठेका बसत नाही. अन् काचेवर बोटाला काही लागत नाही.

ठेकेदार, पटलं. एमपीसी बाद. पण ऐकतो की एसएक्सवर पॅटर्न (वाजवून साठवलेला ठेका) नीट दुरुस्त करता येत नाही?

ठेकेदार: खरं आहे. एकच ठोका मागेपुढे सरकवता येत नाही, चुकलं की त्या पॅडचं पुन्हा वाजवायचं. पॅडगणिक सूर चढवणं-उतरवणंही नाही. ही खरी उणीव, बेसलाइन करताना जाणवेल. त्याच्या पुढच्या मॉडेलात, एसपी-४०४ मार्क-टूमध्ये, दोन्ही सुधारलंय, पण ते २०२१ चं, तुमच्या पैशात येणार नाही.

तुमच्या खंजिरीला मात्र क्वांटाइझ (ठोके आपोआप मापात बसवणं) बंद करूनच वाजवा. भजनातला केरवा घड्याळाच्या काट्यावर बसवला की त्याचा झोक मरतो. अमेरिकेतल्या जे डिला या हिप-हॉप बीटकाराचे ड्रम ऐका, सरळ रेषेत नाहीतच. त्याचं एमपीसी-३००० आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवलंय.

सरकी: घेतानी काय पायशील ते सांगतो. कुरियरनं मागवू नको, नागपूर काही लंडन नाई. सेलचा खण उघड. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर तिथंच नमस्कार कर. बाराही पॅड हळू अन् जोरात ठोक, एकदा दाबल्यावर दोनदा वाजते का ते ऐक. नॉब फिरवतानी खरखर येते का पाय. मागच्या लाइन-इनमध्ये फोन लाव, डावा-उजवा दोन्ही आले पायजे. मग सॅम्पल घे, बंद कर, सेलवर चालू कर. कार्डावर असला त पैसे काढ.

अन् अडॅप्टर त्याचाच माग. रोलँडचा ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह. वोल्काचा बी ९ व्होल्टचाच, पण मधली पॉझिटिव्ह. पिन बसते म्हून कोणताही खुपसला त यंत्राचं काही खरं नाई, अन् यवतमाळात ते रिपेर करणारा कुठून आणशील?

धागाकर्ता: विक्रेत्याशी बोललो. २१ वर आलाय, अडॅप्टर मूळचा आहे म्हणतो, कार्ड देणार नाही. वरचे हजार मित्राकडून घेतो. रिचार्जेबल सेल कुणी वापरतं का? आठवड्याला सहा नवे सेल घेणं परवडणार नाही.

ठेकेदार: वापरतो. निकेल-मेटलवाले घ्या, दोन संच ठेवा, लाइन असेल तेव्हा एक चार्जिंगला. लांब रेकॉर्डिंगला पॉवरबँकच्या जुगाडाऐवजी हेच बरं. आणि मंडळातल्या बुवांना विचारून घ्या, त्यांचा आवाज कुठे वापरणार ते.

धागाकर्ता: बुवांना विचारलं. म्हणाले, आधी मला ऐकव, मग सांगतो.