मदत हवी आहे: सागवानी दाराची खोल खाच सरळ कशी उतरवायची?

मंडळी, जुन्या घराच्या पाडकामातलं सागवान मिळालंय. रंधून 35 मिमी जाडी राहिली. त्यातून पॅनेलचं दार करतोय. स्क्रू नकोत, सगळे सांधे खाच आणि कुसू, म्हणजे एका फळीत कोरलेली खाच आणि दुसरीच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ.

कुसू जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण 12 मिमी. ती करवतीने कापून पटाशीने साफ करतो, गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) बरोबर बसते. घोडं अडलंय ते खाचेत. खोली 60 मिमी हवी. राऊटर (खाचा कोरायचं विजेचं यंत्र) 35 मिमीपर्यंत छान चालतो. पुढे बिट (त्याचं फिरतं पातं) पुरत नाही आणि लांब बिट थरथरतं. मग ड्रिलने ओळीत भोकं पाडून पटाशी घातली, तर जुन्या लाकडाच्या पिळामुळे धार एका बाजूला सरकते. तळाशी खाच वाकडी, की दारालाच पीळ.

दोन्ही कडांनी अर्धं-अर्धं कोरून आरपार खाच काढावी का? कुसूचं तोंड बाहेर दिसलं तरी चालेल, उलट मला ते आवडतं. पण फळी 110 मिमी रुंद आहे, मधे दोन्ही खाचा जुळतील का? की 45 मिमी खोलीवर थांबून लाकडी खुंटी मारली तरी दार टिकेल? दार जड आहे, कोकणातला पावसाळा आहे, त्यामुळे नुसत्या फेविकॉलवर माझा भरवसा नाही.

आणखी एक: राऊटरने गोल राहिलेले खाचेचे कोपरे पटाशीने चौकोनी करता, की कुसूच्याच कडा कानशीने गोल करता? दुसरं सोपं वाटतं, पण आमच्याकडचे जुने सुतार नाक मुरडतात. त्यामागे काही कारण आहे का?