मदत हवी आहे: जुनी 'पंच' व्यंगचित्रं मोठी छापायची आहेत

नमस्कार मंडळी. मी लेस्टरला राहते. जेवणाच्या खोलीतल्या मोकळ्या भिंतीवर १८७२ च्या ब्रिटिश लायसन्सिंग ॲक्टवरची (दारूविक्रीच्या परवान्यांचा कायदा) 'पंच' या जुन्या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातली व्यंगचित्रं लावायची आहेत. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने पब बंद करायच्या वेळा ठरवल्या आणि बिअर कंपन्या, पबवाले सगळेच खवळले. १८७४ ची निवडणूक हरल्यावर 'जिन आणि बिअरच्या लोंढ्यात वाहून गेलो' असं ग्लॅडस्टनने भावाला लिहिलं होतं! दारू पिऊन गाय हाकणं हा त्याच कायद्यातला गुन्हा. नवऱ्याला तेवढंच पाठ आहे.

आता अडचण. जुन्या बांधीव खंडातून स्कॅन केलेलं पान जवळपास ए४ एवढं आहे, मला ए२ हवंय. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापून पाहिलं, तर कोटाच्या घड्यांतल्या बारीक आडव्या-तिरक्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग झाला. मूळ चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरलेली, त्यामुळे सगळी गंमत त्या रेघांतच आहे. दुकानदार म्हणतो, 'कॅनव्हासवर छान दिसेल.' मला नाही पटत. कॅनव्हासच्या विणीत उरलेल्या रेघाही जातील.

६०० किंवा १२०० डीपीआयला पुन्हा स्कॅन करू का? ग्रेस्केल (राखाडी छटांसकट) ठेवू की निव्वळ काळं-पांढरं? कॉटन रॅग (कापसाच्या धाग्यांचा) कागद कुणी वापरलाय का? आणि पानाचा पिवळेपणा काढू की राहू देऊ? सासूबाई म्हणतात, 'राहू दे, नाहीतर झेरॉक्स वाटेल.'