हौशी बोटीचा विमा : दोन कोटेशनांत एवढा फरक का?

शिडाची_दोरी :
फायबरग्लासची ८ मीटरची बोट आहे, १४ वर्षं जुनी. इंजिन इनबोर्ड डिझेल. वर्षभर खाडीच्या तोंडाशी पाण्यातच बांधलेली असते आणि वापर फक्त घरच्यांसाठी. विम्याची दोन कोटेशनं आली आहेत. विमा रक्कम दोन्हींत सारखीच, पण हप्त्यात जवळजवळ निम्म्याचा फरक. स्वस्तात काय कमी असू शकतं? आणि चक्रीवादळासाठी वेगळं डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा पहिला हिस्सा) लिहिलंय, ते कसं मोजतात?

ओहोटी :
आधी मूल्य कोणत्या पद्धतीचं आहे ते बघा. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' असेल तर बोट पूर्ण गेल्यावर पॉलिसीत ठरलेली रक्कम मिळते. 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू' असेल तर नुकसानीच्या दिवशी बाजारात तिची जी किंमत असेल, घसारा धरून, तेवढीच मिळते. १४ वर्षांच्या बोटीत हा फरक फार मोठा पडतो आणि हप्त्यातली तफावत बहुतेक वेळा याच एका ओळीमुळे असते. अ‍ॅग्रीड व्हॅल्यूतही शिडं, कॅनव्हास, बॅटऱ्या, इंजिनाचे काही भाग यांच्या किरकोळ नुकसानीवर बऱ्याचदा घसारा लावतात. त्याचा तक्ता मागून घ्या.

वादळाचं डिडक्टिबल सहसा टक्क्यांत असतं, आणि टक्के काढतात ते विमा रकमेवर, नुकसानीवर नव्हे. विमा १० लाखांचा आणि डिडक्टिबल ५% असेल तर पहिले ५० हजार तुमचे. वादळात ४५ हजारांचं नुकसान झालं तर हातात काहीच पडत नाही. ते १०% असेल तर शिडं फाटणं, रेलिंग वाकणं असली मधली सगळी नुकसानं तुमच्याच खिशातून जाणार. दोन्ही कोटेशनांतला हा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा.

वादळाचा इशारा निघाला की कंपन्या नवी पॉलिसी किंवा वाढीव संरक्षण देणं थांबवतात. त्यामुळे जे करायचं ते मोसम सुरू होण्याआधी.

नांगर_साखळी :
वरच्यात एक भर घालतो. किनारपट्टीवरच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये वादळाचा आराखडा लेखी मागतात : बोट पाण्याबाहेर काढणार का, कुठे, किती तास आधी, आणि तुम्ही गावात नसाल तर कोण काढणार. फॉर्मची एक जागा भरायची म्हणून काहीतरी लिहून देऊ नका. तो कराराचा भाग धरला जाऊ शकतो. 'बाहेर काढीन' असं लिहिलं आणि बोट धक्क्यालाच राहिली, तर क्लेम तिथेच अडतो. ट्रॅव्हललिफ्ट (बोट पाण्याबाहेर उचलणारी चाकांची क्रेन) एकच असेल तर इशारा निघाल्यावर रांग लागते. त्यामुळे बोटयार्डाशी आधीच लेखी ठरवा आणि ते पत्र विमा कंपनीकडे द्या.

पाण्यातच ठेवणार असाल तर आराखड्यात दोरांची संख्या आणि जाडी लिहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून नेहमीचे दोर पुरत नाहीत. प्रत्येक दोर दुहेरी, जिथे घासतो तिथे जाड होजचं (रबरी नळीचं) आवरण, शिडं आणि छत उतरवून आत. धक्का स्थिर असेल तर लाटांपेक्षा समुद्राची पातळी चढण्याचा धोका मोठा. दोर आखूड असले तर बोट वर उचलली जाताना क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या) उपटून निघतात. बांधाबांध झाल्यावर तारखेसह फोटो काढा, बोटीत थांबू नका.

सीकॉक :
वादळाइतकंच लक्ष शांत दिवशी बांधल्या जागी बुडणाऱ्या बोटीकडे द्यायला हवं, कारण क्लेम नाकारला जाण्याचे प्रकार इथे जास्त. पॉलिसी अपघात भरून देते. झीज, गंज, गॅल्व्हॅनिक क्षरण (खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडले गेल्याने होणारी झीज) आणि देखभालीतली हयगय वगळलेली असते. होजचा क्लॅम्प गंजून तुटला तर क्लॅम्प तुमचा, हे मान्य. पण त्यामुळे बोट बुडाली, तर तो परिणाम भरून मिळतो का? काही पॉलिसी देतात, काही देत नाहीत. स्वस्त पॉलिसीत हे कलम आधी शोधा.

पाणरेषेच्या ६० सेंटिमीटर खाली २५ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण ६० ते १०० लिटर पाणी आत येतं. बिल्ज पंपावर (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपावर) छापलेला आकडा पाणी वर चढवावं न लागता मोजलेला असतो. प्रत्यक्षात निम्मा धरा. शिवाय ४ अँपिअर खाणारा पंप १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर, निम्मी क्षमता वापरायची म्हटली तर, १२ तासच चालतो. म्हणून बोट सोडताना सीकॉक (बोटीच्या तळातून आत येणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह) बंद, पाणरेषेखालच्या होजला दोन-दोन क्लॅम्प, झिंक अ‍ॅनोड (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) निम्मा झिजला की बदल. कामाच्या पावत्या जपून ठेवा.

जुन्या बोटीला कंपनी पाण्याबाहेरचा सर्व्हे मागते. सर्व्हेअरने 'दुरुस्त करा' म्हटलेली प्रत्येक गोष्ट पूर्ण करून कंपनीला लेखी कळवा. अहवालात नोंदलेला दोष तसाच राहिला आणि त्यातूनच नुकसान झालं, तर वाद घालायला जागा उरत नाही.

शिडाची_दोरी :
आभार. स्वस्त कोटेशनात 'परिणामी नुकसान वगळून' असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं. त्यात टोइंग आहे. म्हणजे बोट वाळूत रुतली तर तो खर्च धरलाय ना?

ओहोटी :
धरून चालू नका. इंजिन बंद पडलं, समुद्र शांत, बोट ओढून आणली : हे टोइंग. खडकावर चढली, पाणी भरतंय, लाटा आपटताहेत : हे सॅल्व्हेज, आणि त्याचा मोबदला वाचवलेल्या मालमत्तेच्या किमतीवरून ठरतो. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारानुसार वाचवण्यात यश आलं तरच मोबदला, आणि तो वाचलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. पण बोटीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यात जाऊ शकतो. जिवाला धोका नसेल तर दोर हातात घेण्याआधी विचारा : टोइंग की सॅल्व्हेज, ठरीव रक्कम किती? धोका असेल तर आधी माणसं वाचवा, हिशेब नंतर.

बुडालेला सांगाडा काढण्याचा खर्च बोटीच्या विमा रकमेतूनच वळता होतो की दायित्वाच्या (दुसऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारी भरून देणाऱ्या) भागात त्याची वेगळी मर्यादा आहे, हेही बघा. आधीच्या प्रकारात बोट बुडाली की भरपाईतला मोठा भाग क्रेन आणि पाणबुड्यांतच संपतो. सांडलेल्या डिझेलची साफसफाई वेगळी विचारा.

सीकॉक :
बुडालेली बोट वर काढल्यावर सर्व्हेअरची वाट बघत इंजिन तसंच ठेवू नका. नुकसान वाढू न देणं ही मालकाची जबाबदारी, आणि त्याचा वाजवी खर्च बहुतेक पॉलिसी देतात. फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि इंजिन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. तुमच्या डिझेलचे इंजेक्टर काढून सिलिंडरमधलं पाणी हाताने फिरवून बाहेर काढा, तेल आणि फिल्टर बदला. बदललेले भाग फेकू नका, सर्व्हेअरला दाखवायला लागतील.