मॉडेलमधला पोलीस नुसता पकडतो, भिवंडीतला कसा लिहू?

विणकराचीलेक:
मंडळी, एमएस्सी संख्याशास्त्राच्या प्रोजेक्टला जोशुआ एपस्टाइनचं २००२ चं नागरी हिंसाचाराचं मॉडेल घेतलंय. नेटलोगो या अशी मॉडेलं चालवायच्या सॉफ्टवेअरात 'रिबेलियन' नावाने त्याची सोपी आवृत्ती आयती मिळते. पडद्यावर ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. प्रत्येकाचे आपले हाल आणि सत्तेवरचा भरवसा. हाल जास्त, भरवसा कमी, की राग. राग भीतीला वरचढ झाला की ठिपका लाल, म्हणजे बंडात उतरला. आणि भीती ठरते नजरेच्या टप्प्यात पोलीस किती आणि आधीच लाल झालेले किती, यावरून. पाच जण लाल दिसले की सहाव्याची भीड चेपते.

भरवसा हळूहळू उतरवला तर फारसं काही होत नाही. एकदम खाली ओढला की भडका. ६ डिसेंबर १९९२ आठवलाच. पण मी भिवंडीची. मुंबई पेटली तेव्हा, १९७० आणि १९८४ ला होरपळलेली भिवंडी शांत राहिली, हे पप्पांकडून शंभरदा ऐकलंय. १९८८ मध्ये डीसीपी म्हणून आलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे गल्लीतले लोक आणि पोलीस एकत्र बसायच्या त्या, उभ्या केल्या, तेही. माझ्या मॉडेलात ती शांतता काही येत नाही. पोलीस वाढवले की दंगल नुसती लांबणीवर पडते. कमिटी कोडमध्ये लिहायची कशी?

दोन_कप_चहा:
तू त्यातलं पहिलं मॉडेल चालवतेयस. त्याच पेपरात दुसरं आहे: दोन गट, आणि भरवसा सत्तेवरचा नाही, तर समोरच्या गटाला जगायचा हक्क आहे की नाही याबद्दलचा. शांतिसैनिक नसले तर एक गट नामशेष होतो. तुला ते हवंय. दुसरा ब्रीड (नेटलोगोतली ठिपक्यांची जात) घाल, अर्ध्या तासाचं काम.

जुनाकमिटीवाला:
बेटा, कोडातलं मला कळत नाही, पण कमिटीत मी होतो. लोकांना वाटतं आम्ही एकोप्याची भाषणं ऐकायचो. कसलं काय! नळाचं पाणी, तुंबलेली गटारं, रात्रपाळीच्या लूमच्या खडखडाटावरून भांडणं. हवालदार तिथेच सतरंजीवर. चार वर्षं हेच. त्या डिसेंबरात संध्याकाळी बोंब उठली, आमच्या गल्लीतला पोरगा कापला म्हणून. हवालदाराने मला हाक मारली, मी पलीकडच्या गल्लीतल्या चाचांना. पोरगा निघाला कल्याणला मामाकडे. जीपने आणला आणि सायकलच्या दांडीवर बसवून दोन्ही गल्ल्यांतून फिरवला. पेंगत होता नुसता. लोक उंबऱ्यातून बघून आत गेले. तुझ्या ठिपक्यांना एकमेकांची नावं माहीत आहेत का?

आकडेमोड:
काका, वाचून बरं वाटलं. पण एकाच वर्षावर बेतलेलं मॉडेल हवं तेच उत्तर देतं. २००६ च्या जुलैत त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगल झाली, जमावाने दोन पोलीस मारले. तीही त्यातून निघायला हवी, नाहीतर ते कौतुकच. आणि अफवा कुठून कशी जाते ते बघ. रवांडात १९९४ च्या वंशसंहारात आरटीएलएम रेडिओ तुत्सींविरुद्ध विष ओकत होता, पण टेकड्या आडव्या आल्याने काही गावांत ऐकू येत नव्हता. अभ्यासकांनी चढउतारांच्या नकाशावरून कॉम्प्युटरवर काढलं की सिग्नल कुठे पोचला. जिथे पोचला तिथे कत्तलीत सामील झालेले जास्त. भिवंडीत अफवेला टॉवर नाही, गल्ली आहे.

विणकराचीलेक:
काका, नावं सोडाच, ठिपके सारखे जागा बदलतात, शेजारी टिकतच नाही! कालची रात्र त्यातच गेली. सगळे जागच्या जागी खिळवले, गल्लीपलीकडे एकेक धागा जोडला, आणि पोलिसाला पकडायच्या ऐवजी त्या धाग्यावरून खरी बातमी पोचवायला लावलं. भडका लहान झाला, पण धागे आधीपासूनचे असतील तरच. धक्का बसल्यावर जोडून काही उपयोग झाला नाही. (धागा जुना होईल तसा घट्ट होतो हा नियम मीच लिहिलाय, तेव्हा याला शोध म्हणू नका.) २००६ साठी आता अधूनमधून हवालदाराची बदली करून बघते. बदली झाली की त्याचे धागे तुटतात.

जुनाकमिटीवाला:
बदली तीन वर्षांनी ठेव. आणि नवा आला की त्याला सतरंजीवर बसायची सवय व्हायला दोन महिने जातात, तेही घाल.