मदत हवी आहे: शोनेन मंगा (किशोरांसाठीची जपानी चित्रकथा) आता झेपत नाही, पुढे काय वाचू?

शाळेत 'नारुतो' आणि 'वन पीस'चा फडशा पाडला होता. आता तिशी ओलांडल्यावर नवी शक्ती, मग त्याहून बलाढ्य शत्रू हे चक्र सुरू झालं की पान उलटवत नाही.

म्हणून सेइनेनकडे, म्हणजे मोठ्यांसाठीच्या मंगाकडे वळले. उरासावांचं 'मॉन्स्टर' 18 खंडांचं असूनही खाली ठेववलं नाही. 'विनलँड सागा'त लढायांपेक्षा शेतावरचा भाग आवडला. (ही मालिकाही 2005मध्ये शोनेन साप्ताहिकात सुरू होऊन मग 'आफ्टरनून' या सेइनेन मासिकात गेली, म्हणजे तीही माझ्यासारखीच!) सगळ्यांत जवळचं वाटलं ते 'मुशिशी': 10 खंड, जवळजवळ प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, घाई कसली ती नाही. 'बर्सर्क'ची चित्रं अफाट, पण हिंसा सोसवेना, सोडून दिलं.

जपानी येत नाही, त्यामुळे अधिकृत इंग्रजी अनुवाद हवा. मालिका पूर्ण झालेली, शक्यतो 10-12 खंडांत आटोपणारी. शाळकरी प्रेमकथा आणि 'दुसऱ्या जगात पुनर्जन्म' कृपया नको. भुताखेतांचं चालेल.

'मुशिशी'नंतर अशी संथ, मोठ्या माणसांची गोष्ट सांगणारं नेमकं काय घेऊ? आणि त्याचा ॲनिमे (ॲनिमेशन रूपांतर) असेल तर आधी तो बघू की मंगाच वाचू?