मेंदूमृत दात्याची किडनी लवकर सुरू व्हावी, यासाठी एखादे औषध आहे का?

मानेवाडा_नागपूर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला गेल्या आठवड्यात नागपुरातील एका रुग्णालयात मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्यात आले. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवून आम्ही बराच काळ वाट पाहिली होती, त्यामुळे शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचे कळले तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला. परंतु लघवी अद्याप फारच कमी होते, क्रिएटिनिन उतरत नाही आणि डायलिसिस पुन्हा सुरू करावे लागले आहे. वहिनी तक्त्यावरचे तासातासाचे आकडे वहीत उतरवून ठेवतात. त्यांतले बहुतेक दहा-पंधरा मिलिलिटरच्या घरातलेच आहेत.

डॉप्लर तपासणीत रक्तपुरवठा चांगला दिसला असून किडनी सुरू व्हायला वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणतात. दुसरीकडे एका नातेवाइकांनी डोपामिनचे इंजेक्शन आणि लॅसिक्सचा मोठा डोस दिल्यास किडनी लवकर सुरू होते असे सांगितले आहे. असे खात्रीचे औषध खरोखर असते का, आणि आम्ही त्याचा आग्रह धरावा का?

औषधशास्त्र_धंतोली

मी प्रत्यारोपणाच्या रुग्णांची औषधे पाहणारा फार्मासिस्ट आहे. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागले तर त्या स्थितीला ‘डिलेड ग्राफ्ट फंक्शन’ म्हणतात. मेंदूमृत दात्याच्या किडनीत ती बऱ्याचदा आढळते, जिवंत दात्याच्या किडनीत क्वचितच. दात्याच्या शरीरातून काढलेली किडनी बर्फात थंड द्रावणात ठेवली जाते. त्या काळात तिला रक्त मिळत नाही आणि नंतर रक्त एकदम परत वाहू लागते तेव्हा तिच्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींना इजा होते. त्या पेशी झडतात, नलिका तुंबतात आणि नव्या पेशी तयार होईपर्यंत लघवी येत नाही. ही दुरुस्ती शरीर स्वतःच करते. तिला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात.

आता डोपामिनविषयी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत कमी मात्रेतील डोपामिन मेंदूमृत दात्याला, म्हणजे किडनी काढण्यापूर्वी, दिले गेले आणि त्या किडन्या घेतलेल्यांपैकी एकाहून अधिक वेळा डायलिसिस लागणाऱ्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांपर्यंत खाली आले. आपल्या नातेवाइकांनी बहुधा याचाच कोठेतरी उल्लेख ऐकला असावा, पण किडनी बसवल्यानंतर रुग्णाला डोपामिन देऊन तसा लाभ होतो असे दिसलेले नाही. लॅसिक्सने, म्हणजे फ्युरोसेमाइडने, लघवी थोडी वाढू शकते आणि अंगातील पाणी काढायला डॉक्टर ते देतातही. नलिकांची इजा मात्र त्याने भरून येत नाही.

मोठ्या मात्रेतील एरिथ्रोपोएटिन (तांबड्या रक्तपेशी वाढवणारे औषध), प्रतिकारशक्तीतील ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने रोखणारे एक्युलिझुमॅब, पेशींच्या वाढीला चालना देणारे एएनजी-३७७७ अशी अनेक औषधे याच हेतूने तपासली गेली. प्रत्येकाच्या मागे पटण्यासारखा तर्क होता, पण मोठ्या चाचण्यांत एकही टिकले नाही. हे वाचून तुम्हाला निराशा वाटेल याची मला जाणीव आहे, तरी कोणी ‘हमखास’ इंजेक्शन सुचवले तर त्यावर पैसे घालण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे.

ज्याचा उपयोग दिसला ती गोष्ट अगदी साधी आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८०८ रुग्णांच्या चाचणीत (२०२३) शस्त्रक्रियेच्या वेळी व नंतर नेहमीच्या सलाईनऐवजी क्षारांचा समतोल असलेले द्रावण शिरेतून दिल्यावर ही अडचण ४० टक्क्यांऐवजी ३० टक्के रुग्णांना आली.

सखी_विदर्भ

माझ्या यजमानांची किडनीही उशिरानेच सुरू झाली आणि आज ते कामावर जातात. भेटायला येणारे लोक प्रेमाने संत्री आणि रस घेऊन येतात; लघवी होत नसताना त्यातील पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्या वहीत नोंदी ठेवत आहेत हे फार चांगले करत आहेत.

मानेवाडा_नागपूर

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसमुळेही किडनीवर ताण येतो असे वाचले. मग किडनी सुरू होईपर्यंत ते थांबवायला सांगावे का?

नेफ्रो_निवृत्त

कृपया तसे करू नका. टॅक्रोलिमसमुळे किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आकुंचन पावतात हे खरे आहे, आणि म्हणूनच काही ठिकाणी आरंभी थायमोग्लोब्युलिन किंवा बॅसिलिक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने देऊन टॅक्रोलिमस थोडे उशिरा किंवा कमी मात्रेत सुरू करतात. परंतु एवढ्याने किडनी निश्चितपणे लवकर चालू होते, असे चाचण्यांतून स्पष्ट झालेले नाही. उलट उशिरा सुरू होणाऱ्या किडनीत रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, धोका अधिक असतो आणि लघवीच येत नसल्यामुळे ते चटकन लक्षातही येत नाही. म्हणूनच ही स्थिती लांबल्यास दर सात ते दहा दिवसांनी बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली तर घाबरून नकार देऊ नये.

तुमच्या हातात असलेल्या गोष्टींकडे मात्र काटेकोर लक्ष द्या. टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातील पातळी) काढायची असेल त्या दिवशी रक्त दिल्यानंतरच सकाळची गोळी घ्यावी, अन्यथा आकडा खोटा येतो आणि डोस चुकीच्या दिशेने बदलला जातो. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यांनी ही लेव्हल वाढते, रिफाम्पिसिन व फेनिटॉइन यांनी घटते; पपनसानेही ती वाढू शकते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांना आणि काढे-चूर्णांना या काळात अजिबात हात लावू नये.

डॉक्टरांकडे औषधाचा आग्रह धरण्याऐवजी पुढील प्रश्न विचारा: किडनी किती तास थंड द्रावणात होती, दात्याचे क्रिएटिनिन किती होते, डायलिसिसच्या वेळी भावाचा रक्तदाब खाली जातो का, आणि टॅक्रोलिमसची शेवटची लेव्हल किती आली. रक्तदाबाचा प्रश्न सर्वांत आधी विचारा, कारण डायलिसिसमध्ये तो वारंवार घसरला तर सावरू पाहणाऱ्या किडनीला पुन्हा इजा होते आणि पाणी हळूहळू काढून ते टाळता येते. वहिनींच्या वहीत लघवीच्या आकड्यांशेजारी रोजचे वजन आणि रक्तदाबही लिहायला सांगा, आणि ती वही राउंडच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवा.